पतसंस्थेच्या अ‍ॅपची सुरक्षा: ओटीपी सभासदाच्याच हातात राहतो का?

तासगावकडच्या एका पतसंस्थेचं मोबाईल अ‍ॅप सांभाळणाऱ्या मुलीचा प्रश्न आहे. ऑडिटरने सुरक्षा वाढवायला सांगितली म्हणून त्यांनी सहा आकडी पिन, प्रत्येक व्यवहाराला ओटीपी, कॅप्चा, चेहरा पडताळणी, दर तीन महिन्यांनी पिन बदलण्याची सक्ती आणि दोन मिनिटांत आपोआप लॉगआउट, असं सगळं बसवलं. आता वयस्कर सभासद शाखेत येऊन फोन कर्मचाऱ्याच्या हातात देतात. एक अंध सभासद म्हणतात की अ‍ॅप वापरताच येत नाही. सवलत द्यायची म्हटलं की ऑडिटर म्हणतो, सुरक्षा कमी होईल. ती विचारते, कोणाचं ऐकू?

कोणाचं ऐकायचं ते नंतर. आधी तुमच्या शाखेत काय चाललंय ते बघा. कर्मचारी फोन घेतो, "पिन सांगा आजी" म्हणतो, आजी काउंटरपलीकडून मोठ्याने सांगतात आणि रांगेतले चौघे ऐकतात. ओटीपी येतो तोही कर्मचारीच वाचतो आणि टाकतो. ऑडिटरच्या कागदावर त्या खात्याला चार थरांचं संरक्षण आहे. काउंटरवर एकही उरलेला नाही.

मी सांगली-मिरज भागात बँका आणि पतसंस्थांच्या सॉफ्टवेअरचं सुरक्षेचं काम करत आलोय, आणि प्रत्येक ठिकाणी हेच दिसतं. जी पायरी सभासदाला स्वतःला जमत नाही ती तो सोडून देत नाही, दुसऱ्याकडून करून घेतो. तो दुसरा माणूस तुमच्या धोक्यांच्या यादीत कुठेच नसतो. कधी नातू, कधी पिग्मी एजंट, कधी झेरॉक्सच्या दुकानातला पोरगा. ही माणसं बहुतेक वेळा चांगलीच असतात आणि खरी अडचण तिथेच आहे, कारण त्यामुळे पिन सांगण्याची सवय लागते. मग एक दिवस परका आवाज फोनवर "केवायसी अपडेट करायचंय, आलेला नंबर सांगा" म्हणतो आणि आजी सांगून मोकळ्या होतात. वर्षभर आपणच त्यांच्याकडून तो सराव करून घेतलेला असतो.

म्हणून "सोपं करू की सुरक्षित करू" असा हिशेबच मांडू नका. प्रत्येक पायरीपुढे एकच गोष्ट लिहा: ही पायरी कोणाला एकट्याने जमणार नाही, आणि मग ती कोण करून देईल? ज्या पायरीपुढे "नातू" असं उत्तर येईल ती पायरी सुरक्षेच्या खात्यात जमा धरायची नाही.

ओटीपीच्या स्क्रीनवर थोडा वेळ घालवू, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथेच अडकतात. तुमच्या फोनवर टॉकबॅक चालू करा, म्हणजे अंधांसाठी स्क्रीनवरचं बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमधल्या अ‍ॅक्सेसिबिलिटीत ते असतं. एका टॅपने फोन वस्तूचं नाव बोलतो, दोन टॅपने ती उघडते, उजवीकडे बोट सरकवलं की पुढची वस्तू. आता डोळे मिटून तुमच्याच अ‍ॅपमधून शंभर रुपये पाठवून बघा.

मी पैज लावून सांगतो, पुढचं असं घडेल. ओटीपीसाठी सहा वेगवेगळ्या चौकटी असतील. फोन सहा वेळा "एडिट बॉक्स" म्हणेल, कितवी चौकट ते सांगणार नाही. वर वेळ मोजणारं घड्याळ असेल आणि ते दर सेकंदाला बोलेल, "५९ सेकंद, ५८ सेकंद, ५७ सेकंद". त्या बडबडीत मेसेजमधला आकडा ऐकूच येणार नाही. मेसेज ऐकायला तुम्ही दुसऱ्या अ‍ॅपमध्ये गेलात आणि परत आलात, तर अ‍ॅप म्हणेल "सेशन संपलं" आणि पहिल्या पानावर नेऊन सोडेल. पिनचा कीपॅड प्रत्येक वेळी आकडे उलटसुलट मांडत असेल आणि चित्र म्हणून काढलेला असेल, तर त्यावर फोन फक्त "बटण, बटण, बटण" म्हणेल. डोळस माणसाला हे वीस सेकंदांचं काम आहे. अंध सभासदाला ते अशक्य आहे, आणि त्याची हुशारी यात कुठेच कमी पडलेली नाही.

दुरुस्ती फार मोठी नाही. सहा चौकटींऐवजी एक चौकट ठेवा आणि तिला नाव द्या. मेसेजमधला आकडा आपोआप भरला जाऊ द्या, ती सोय अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत आहे. चिकटवायची म्हणजे पेस्टची सोय कधीही बंद करू नका. घड्याळ दर सेकंदाला बोलायला नको, सुरुवातीला "पाच मिनिटांत टाका" आणि शेवटी एक इशारा पुरे. दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाऊन आलेल्या माणसाला अर्धवट व्यवहार जिथल्या तिथे मिळाला पाहिजे. लॉगआउट होण्याआधी विचारा आणि एका साध्या टॅपने मुदत वाढवता येऊ द्या. वेबसाठीचे जे आंतरराष्ट्रीय सुलभता निकष आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यांत या इशाऱ्यानंतर निदान २० सेकंद द्यायला सांगितलंय.

ऑडिटर म्हणेल, ओटीपी पाच मिनिटं चालला तर धोका वाढतो. त्याला गणित दाखवा. सहा आकडी ओटीपी म्हणजे दहा लाख शक्यता. पाच चुकांनंतर तुम्ही तो रद्द करत असाल, तर अंदाजाने बरोबर लागण्याची शक्यता दोन लाखांत एक, मग मुदत एक मिनिट असो की पाच. राखण करते ती चुकांची मर्यादा. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं जगभरचे बरेच ऑडिटर प्रमाण मानतात, त्यांतही अशा आकड्याला दहा मिनिटांपर्यंत मुदत दिलेली आहे. त्याच तत्त्वांत ठरावीक काळाने पासवर्ड बदलायला लावू नका असंही आहे, गळती झाल्याची शंका आली तरच बदलायला लावा. तुमची तीन महिन्यांची सक्ती त्यामुळे सरळ काढता येईल. तिच्यामुळे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे: पासबुकाच्या मागच्या पानावर चार पिन खोडलेले आणि पाचवा ठळक अक्षरात लिहिलेला.

पिन मोठ्याने बोलला जाईल ही भीती असते, ती खरी आहे. पण अंध मंडळी बहुतेक कानात इअरफोन लावूनच व्यवहार करतात, आणि टॉकबॅकमध्ये स्क्रीन पूर्ण काळी ठेवून फोन वापरायचीही सोय आहे. एसटीत शेजारी बसलेला माणूस तुमचा पिन बघू शकतो, त्यांचा नाही.

कॅप्चा काढून टाका. वाकडीतिकडी इंग्रजी अक्षरं ओळखायला लावणं हा आपल्या सभासदांवर अन्याय आहे, आणि आजची यंत्रं ती अक्षरं माणसापेक्षा चांगली ओळखतात. एका फोनवरून किंवा एका ठिकाणाहून किती वेळा प्रयत्न झाले ते सर्व्हरवर मोजा, काम भागतं.

सुरक्षा प्रश्नही काढा. "आईचं माहेरचं आडनाव" हे आपल्याकडे गावातल्या कोणालाही विचारा. "पहिल्या शाळेचं नाव" तर विचारायलाच नको, गावात जिल्हा परिषदेची एकच शाळा असते.

बोटांचे ठसे आणि चेहरा यांवर एकट्यावर विसंबू नका. "अंगठा उठंना" हे वाक्य रेशन दुकानात ज्याने ऐकलं नाही तो या जिल्ह्यातला नव्हे. ऊस तोडणारे, मार्केट यार्डात हळदीची पोती वाहणारे हमाल, गवंडी, धुणीभांडी करणाऱ्या बाया, यांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. वयाने त्या आणखी पुसट होतात. ठसा हा सोयीचा एक रस्ता म्हणून ठेवा, पण त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात पिनचा रस्ताही हवा. तीनदा ठसा चुकल्यावर खातं लॉक करणारं एक अ‍ॅप मी पाहिलंय. शिक्षा कष्टाच्या हातांना होत होती.

चेहऱ्याचंही तेच. "डोळे मिचकवा" म्हणणारी पडताळणी अंध माणसाला, अ‍ॅसिड हल्ल्यात चेहरा भाजलेल्या बाईला, पक्षाघात झालेल्या माणसाला जमणार नाही. प्रज्ञा प्रसून विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी नेमकं यावरच बोट ठेवलं. डिजिटल सेवा वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला, आणि ई-केवायसीत डोळे मिचकवण्याला पर्याय असलाच पाहिजे, यासह वीस निर्देश दिले. हा निकाल छापून ऑडिटरच्या टेबलावर ठेवा. शिवाय २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि संगणक-मोबाईलवरच्या सेवा कशा असाव्यात हे सांगणारं आयएस १७८०२ हे भारतीय मानकही आहे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नाही, सहकार खात्याच्या अखत्यारीत येते, म्हणून बँकांचे बरेच नियम आपल्याला लागू नाहीत असं तुमचे संचालक म्हणतील. त्या नियमांबाबत ते खरं आहे, पण दिव्यांग कायदा सेवा देणाऱ्या खासगी संस्थांनाही लागू होतो.

आता एक अवघड गोष्ट. इथे ऑडिटरच्या म्हणण्यात तथ्य आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका, आरटीओचं चलन किंवा पीएम किसानचा हप्ता अशा नावाने एपीके फाइल येतात, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून फोनमध्ये अ‍ॅप टाकणाऱ्या फाइल. त्या उघडल्या की अ‍ॅप "अ‍ॅक्सेसिबिलिटी" परवानगी मागतं. ही परवानगी दिव्यांगांसाठी बनवलेली आहे: स्क्रीनवर काय आहे ते वाचणं आणि माणसाच्या वतीने बटण दाबणं. चोरालाही नेमकं हेच हवं असतं. म्हणून काही अ‍ॅप अशी कोणतीही सेवा चालू दिसली की उघडायलाच नकार देतात. चोर अडतो, आणि टॉकबॅक वापरणारा प्रत्येक अंध सभासदही अडतो.

सरसकट बंदी घालू नका. फोनसोबत आलेला किंवा प्ले स्टोअरवरून घेतलेला स्क्रीन रीडर चालू असेल तर काहीच बोलू नका. बाहेरून टाकलेल्या, अनोळखी अ‍ॅपकडे ही परवानगी असेल तर स्पष्ट मराठीत त्या अ‍ॅपचं नाव घेऊन सांगा, ते तुम्ही स्वतः टाकलंय का विचारा, आणि तोवर शिल्लक बघू द्या पण पैसे पाठवणं थांबवा. अँड्रॉइड १४ पासून स्क्रीनचा नाजूक भाग फक्त दिव्यांगांची साधनं म्हणून जाहीर झालेल्या अ‍ॅपनाच दिसेल असं ठरवता येतं, ते पिन आणि शिल्लक यांना लावा. काही अंध मंडळी प्ले स्टोअरबाहेरचे स्क्रीन रीडर वापरतात, त्यांच्यासाठी शाखेत एकदा खात्री करून सूट देण्याची सोय ठेवा. यात थोडं काम वाढतं हे कबूल. पण इथे काम वाढवणं रास्त आहे, कॅप्चावर वाढवण्यापेक्षा तर नक्कीच.

मदतनिसाकडे परत येतो. सगळी दुरुस्ती केली तरी काही सभासदांना मदत लागणारच. हात थरथरणारे आजोबा, लिहिता-वाचता न येणारी मावशी, विसरायला लागलेल्या बाई. नातू तिथे आहेच, तर त्याला समोरच्या दाराने आत घ्या. सभासदाने शाखेत येऊन नेमलेला मदतनीस, त्याचं स्वतःचं लॉगिन, त्याला फक्त शिल्लक दिसेल किंवा महिन्याला ठरावीक रकमेपर्यंतच पैसे पाठवता येतील, आणि त्याने केलेल्या प्रत्येक गोष्टीचा मेसेज सभासदाला जाईल. यूपीआयमध्ये २०२४ पासून "यूपीआय सर्कल" नावाने हीच कल्पना चालू आहे. मुख्य खातेदार दुसऱ्याला मर्यादा घालून परवानगी देतो, पिन स्वतःकडेच ठेवतो. ही सोय नसेल तर आजोबांच्या पिनने नातवाने पाठवलेले पैसे आणि आजोबांनी स्वतः पाठवलेले पैसे तुमच्या नोंदीत सारखेच दिसतात. उद्या भांडण झालं की कोणाला काहीच सिद्ध करता येत नाही.

ही नेमणूक काढून घेणं नेमण्यापेक्षा सोपं ठेवा, आणि तेही नवऱ्याला, मुलाला न कळता. घरातलं माणूसच पैसे काढत असतं अशी प्रकरणं प्रत्येक शाखेत असतात, फक्त ती तक्रार म्हणून कागदावर येत नाहीत. घरात एकच स्मार्टफोन आणि तो नवऱ्याच्या खिशात, अशा बाईसाठी फोनच्या ठशावर उघडणारं अ‍ॅप म्हणजे नवऱ्याचंच अ‍ॅप. फोन उघडला म्हणून अ‍ॅप उघडलं असं होऊ देऊ नका, अ‍ॅपचा पिन वेगळा ठेवा.

मेसेज मराठीत पाठवा. हे वाचून तुमचा अ‍ॅप पुरवणारा पुरवठादार कुरकुरेल आणि त्याचं कारण पैशाचं आहे. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०, त्यापुढे दुसऱ्या मेसेजचे पैसे लागतात. शिवाय ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमाप्रमाणे प्रत्येक मजकूर आधी नोंदवून घ्यावा लागतो. तरीही करा. रक्कम आणि कोणाला हे आधी, आकडा नंतर: "₹5,000 सुनील यांना जाणार. तुम्हीच पाठवत असाल तरच हा आकडा टाका:" आणि पुढे ओटीपी. सभासदाने "हे पैसे मी पाठवत नाहीये" हे एका वाचनात ओळखलं, तर फसवणूक करणाऱ्याचं निम्मं काम तिथेच बिघडतं. मेसेजमधले आकडे मात्र कीपॅडवर असतात तसे इंग्रजीच ठेवा, देवनागरी आकडा बघून इंग्रजी बटण शोधताना माणसं गोंधळतात. माहिती संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचण्याचा पर्याय द्यायचा आहेच, तर अटी-शर्तींचं ते लांबलचक पानही याच वेळी मराठीत उरकून घ्या.

बहिऱ्या सभासदांना लोक विसरतात. "खातं बंद करायला अमुक नंबरवर फोन करा" हा एकच मार्ग ठेवलात, तर पैसे जाताना त्यांनी बघत बसायचं. अ‍ॅपमध्ये पहिल्याच पानावर "खातं थांबवा" हे बटण द्या, पिन न मागता चालणारं. सायबर फसवणुकीसाठी १९३० हा नंबर सगळीकडे छापतात, त्याच्याखाली सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन हे संकेतस्थळही छापा, तिथे लिहून तक्रार करता येते.

पिन विसरला, फोन हरवला तर काय, यावर पुरवठादाराने तुम्हाला एका ओळीचं उत्तर दिलेलं असेल: जुन्या नंबरवर ओटीपी. सांगलीत हे उत्तर चालत नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट आहे. घरात पाणी शिरलं तेव्हा फोन, सिम, आधार कार्ड, पासबुक, सगळं एकाच रात्री गेलं, आणि पैशाची गरज त्याच आठवड्यात सगळ्यात जास्त. नवं सिम घेतलं तरी पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवण्याचा दूरसंचार खात्याचा नियम आहे. सिम बदलून होणारी चोरी थांबवायला तो योग्यच आहे, पण पूरग्रस्ताला त्या दिवशी ओटीपी येणार नाही.

अशा वेळी पतसंस्थेकडे जे आहे ते मोठ्या बँकेकडे नसतं. नमुना सही आणि फोटो तुमच्या दप्तरात आहे, जामीनदार आहेत, शाखेतला माणूस सभासदाला ओळखतो. हे वापरून लेखी पद्धत ठरवा: शाखेत प्रत्यक्ष येणं, फोटो-सही जुळवणं, दोन कर्मचाऱ्यांची संमती, मग नवा फोन जोडणं. नव्या फोनवर पहिला दिवस छोटीच रक्कम निघेल. आधी दिलेल्या दुसऱ्या नंबरवर, मुलीचा असो की भावाचा, मेसेज जाईल. जो शाखेत येऊ शकत नाही त्याच्या घरी माणूस जाईल. आणि "ओळखीचा आहे, राहू दे" म्हणून यातली एकही पायरी गाळायची नाही, कारण ओळखीचा फायदा घेऊनच अपहार होतात हे सहकारात काम करणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

तपासणीबद्दल थोडं. गूगलचं अ‍ॅक्सेसिबिलिटी स्कॅनर हे फुकट अ‍ॅप नाव नसलेली बटणं, लहान बटणं, फिकट अक्षरं दाखवतं, ते आजच चालवा. पण पुढची तपासणी माणसांकडूनच करून घ्या. एक अंध सभासद, एक सत्तरीतली बाई, एक बहिरा तरुण, एक असा माणूस ज्याचा ठसा लागत नाही. मानधन द्या. त्यांच्या हातात फोन द्या आणि तुम्ही तोंड मिटून बसा. "तिथं नाही, खाली बघा" असं तुमच्या तोंडून निघालं की ती जागा वहीत लिहा. एखादी तपासणी भर दुपारी बाहेर उन्हात करा, फिकट राखाडी अक्षरं तिथे अदृश्य होतात.

ऑडिटरशी भांडू नका, तो शत्रू नाही. त्याच्या अहवालात एक रकाना वाढवायला सांगा: किती सभासदांनी व्यवहार स्वतः पूर्ण केला आणि कितींना मदत लागली. काउंटरवर एक वही ठेवलीत तरी महिन्याभरात आकडा मिळेल. आणि पुरवठादाराचा करार नूतनीकरणाला येईल तेव्हा "टॉकबॅकवर पहिल्या पानापासून पावतीपर्यंत व्यवहार पूर्ण झाला पाहिजे, न झाल्यास शेवटचा हप्ता मिळणार नाही" एवढं वाक्य त्यात घालून घ्या. आयएस १७८०२ चं नाव घातलं तर तो प्रमाणपत्र आणून देईल, ते घ्या, पण हप्ता टॉकबॅकवरच सोडा.